किल्ला कुठाय बाबा?

परवा शनिवारी पहाटे साडेपाचला सगळ्यांना गाडीत कोंबलं आणि शिरवळ गाठलं. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूरचा टोलनाका, मग सारोळा आणि नीरेवरचा पूल. पूल ओलांडला की सातारा जिल्हा सुरू. बायकोला पक्षी बघायचे होते, मला किल्ला आणि पोरांना वडापाव!

फाल्गुनातली सकाळ. काटेसावर लाल फुलांनी लगडलेली, त्यावर साळुंक्यांचा नुसता कालवा. काठाकाठाने चालताना लेकीने पहिला खंड्या टिपला, मग वंचक, शेकाट्या, टिटवी... वहीत भराभर नोंदी. धाकटा मात्र एकच धोशा लावून बसलेला, "किल्ला कुठाय बाबा?"

आता याला काय दाखवणार? शिरवळचा सुभानमंगळ हा भुईकोट. 1648 साली शहाजीराजांना जिंजीजवळ कैद झाली आणि इकडे आदिलशाहीने फत्तेखानाला शिवाजी महाराजांवर धाडलं. महाराज तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे. खानाकडचा बाळाजी हैबतराव शिरवळला येऊन बसला. पुरंदरावरून कावजी मल्हार आपली माणसं घेऊन उतरला, त्याने सुभानमंगळावर हल्ला केला आणि त्या लढाईत हैबतराव पडला. परमानंदाच्या 'शिवभारता'त हे सगळं आलंय. स्वराज्याच्या अगदी सुरुवातीच्या लढायांमधली ही एक, पण प्रतापगड, पन्हाळ्यासारखं कौतुक हिच्या वाट्याला आलं नाही. आज तिथे बुरुजाचा थोडा भाग आणि ढासळलेले अवशेष, बाकी पुरांनी नेलं. आणि जे पुरांनी नेलं नाही त्याच्यावर आपल्या प्लास्टिकच्या बाटल्या.

धाकट्याचं तोंड एवढंसं झालं. "एवढाच?"

तेवढ्यात लेक ओरडली, "बाबा, बदकं!" बदकं कसली, पट्टकादंब! डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राजेशाही हंस. तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. उपग्रहाच्या मदतीने केलेल्या अभ्यासात त्यांच्या उड्डाणाची उंची सात हजार मीटरच्याही वर गेलेली नोंदलीय. शिरवळच्या खाली, वीर धरणाच्या पाण्यावर ते हिवाळा काढतात. आता परतीचे दिवस जवळ आलेले.

बायको म्हणाली, "बघा, तुमचा किल्ला गेला, पण निसर्ग आहे तसाच आहे."

इथे माझ्यातला चिकित्सक जागा झाला. अहो, आहे तसाच कसा? 1876-78 च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी नीरेचा डावा कालवा काढला, त्यासाठी येळवंडीवर भाटघरला पाणी अडवलं. 1928 मध्ये तिथे नवं मोठं धरण उभं राहिलं आणि 1960 च्या दशकात वीरचं. कालव्यांनी बारामती, फलटणकडे ऊस नेला. कावजी मल्हार उतरला तेव्हा हा जलाशयच नव्हता. नीरा पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून वाहायची आणि उन्हाळ्यात रोडवायची. म्हणजे आपण ज्याला 'निसर्ग' म्हणून दुर्बीण लावतो, तो धरणापुरता तरी माणसाचाच इतिहास आहे, किल्ल्याहून ताजा. त्या पाण्याखाली कुणाची तरी शेतं, कुणाची तरी घरं आहेत. हंसांना ते ठाऊक नाही, आपल्याला मात्र ठाऊक असायला हवं.

आमच्या धंद्यात कोडमधला प्रत्येक बदल कुणी, कधी, का केला याची नोंद राहते. नदीकाठाला ती सोय नाही. जुनी आवृत्ती पुसली जाते आणि नवी बघून आपण म्हणतो, हे असंच होतं. सुभानमंगळाची नोंद निदान एका कवीने ठेवली. बुडालेल्या बांधांची कोण ठेवणार?

हे सगळं मी पोरांना सांगितलं का? थोडंसं. मग वडापाव खाल्ला.

गाडीत बसताना धाकट्याने ताईची वही ओढून घेतली. घरी आल्यावर पाहिलं तर खंड्या, वंचक, शेकाट्या, पट्टकादंब यांच्या खाली त्याच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलेलं : "किल्ला – 1. थोडा."

असो. पुढच्या खेपेला बाटल्या गोळा करायला एक पोतं नेणार आहे. येणार का कुणी?