वंगण आणि परीक्षा : मोटारीची झीज ओळखण्याच्या विद्येचा इतिहास

यंत्रांचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष स्वाभाविकपणेच त्यांच्या निर्मितीकडे जाते. शोध कोणी लावला, कारखाना कोठे निघाला, यांच्या नोंदी मिळतात; परंतु तेच यंत्र झिजू लागल्यावर ती झीज कोणी आणि कशी ओळखली, हे क्वचितच लिहून ठेविले जाते. प्रस्तुत लेखात मोटारीच्या स्टिअरिंगची व सस्पेन्शनची झीज ओळखण्याच्या विद्येचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

विवेचनासाठी वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेचा परिसर डोळ्यांसमोर ठेविला आहे. हा मुलूख काळ्या कापसाळ जमिनीचा. ही जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर बांधलेल्या रस्त्याला कालांतराने लाटा येतात. वैशाखात पारा 45 अंशांच्या घरात जातो, त्यामुळे रबर लवकर कडक होते व तडकते. सारांश, वाहनाच्या सांध्यांची कसोटी पाहणारा हा प्रदेश आहे.

या प्रदेशातील पहिले वाहन म्हणजे बंडी. 1867 मध्ये लोहमार्ग नागपुरास पोहोचला, तरी शेतातून बाजारापर्यंत व स्टेशनापर्यंत कापूस नेण्याचे काम बंडीकडेच राहिले. बंडीला स्टिअरिंग नव्हते; वळविण्याचे काम बैल आणि जू करीत. झिजणारी मुख्य जागा एकच, आस आणि तुंबा यांचा सांधा. या सांध्याला वारंवार वंगण द्यावे लागे आणि त्यासाठी चाक सैल करावे लागे. चाक सैल झाले की गाडीवानाचा हात आपोआप आसावरून फिरे. चाक किती डुलते, तुंबा कोणत्या अंगाने खाल्ला गेला आहे, हे त्याच वेळी कळे. वंगण देणे आणि परीक्षा करणे ही दोन कामे नव्हती, एकच होते. पुढील विवेचनाचा आधार हाच मुद्दा आहे.

चारचाकी गाडीने हा प्रश्न अवघड केला. जुन्या घोडागाडीत पुढचा सबंध आस एका उभ्या खिळीभोवती फिरे. किंगपिन हा शब्द तेथूनच आला. पुढे म्युनिकच्या लांकेन्स्पेर्गर या गाडी बनविणाऱ्याने प्रत्येक पुढील चाक स्वतःच्या खिळीवर स्वतंत्रपणे वळविण्याची युक्ती काढली. रुडॉल्फ आकरमान याने 1818 मध्ये लंडनला तिचे पेटंट घेतले. मोटारीने हीच रचना स्वीकारली. तिचा लाभ उघड होता. परंतु एका सांध्याच्या जागी सांध्यांची साखळी आली, आणि झीज त्या साखळीत विभागली गेली. झीज किती, एवढेच पूर्वी विचारावे लागे. आता ती कोठे, हा प्रश्न आधी उभा राहिला.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे व्यवहारातील शिक्षण मुख्यत्वे एका गाडीने दिले. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट 1100 बाहेर पडू लागली. तीच गाडी 1970 नंतरच्या दशकात पद्मिनी झाली आणि मुंबईच्या टॅक्सींमध्ये ऑक्टोबर 2023 च्या अखेरीपर्यंत टिकली. पुढील प्रत्येक चाकाला कॉइल स्प्रिंग व किंगपिन, मागे सलग आसाखाली पाटे, आणि स्टिअरिंग बॉक्सपासून चाकांपर्यंत दांड्यांची व सांध्यांची मालिका, अशी तिची घडण होती. हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसडरमध्ये पुढे टॉर्शन बार आणि स्टिअरिंगला रॅक-पिनियन होते. म्हणून एका गाडीवर बसलेला हात दुसरीवर तसाच चालत नसे.

कारागिरांची रीत पाहू. प्रथम गाडी उभी करून, चाके सरळ ठेवून, स्टिअरिंग हलक्या हाताने डावी-उजवीकडे हलवावयाचे, आणि दुसऱ्याने खाली पडून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवावयाचे. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तेथे ‘प्ले’ आहे. मग पुढचे चाक जॅकवर उचलून ते वर आणि खाली धरून हलवावयाचे. हलले तर दोष किंगपिनचा की बेअरिंगचा? सोबत्याने ब्रेक दाबून धरावा. हालचाल थांबली तर बेअरिंग सैल. राहिली तर किंगपिन झिजलेली. चाक आडवे धरून हलले, तर संशय टायरॉडच्या टोकांवर. जॅक कोठे लावला यालाही महत्त्व आहे. ज्या गाडीत स्प्रिंगचा भार खालच्या आर्मवर येतो, तेथे जॅक त्या आर्मखालीच घेतला पाहिजे. एरवी स्प्रिंगच सांधा दाबून धरते आणि दोष झाकते.

टायर हाही एक लेखच होय, मात्र तो सावधपणे वाचावा लागतो. कडेला पिसासारखी झीज असेल तर चाकांची समांतरता बिघडली आहे. खळगे पडले असतील तर शॉकअब्सॉर्बर निकामी किंवा एखादा सांधा सैल आहे. नुसते अलाइनमेंट करून आणलेली गाडी पुन्हा एका बाजूला ओढू लागते, याचे कारण बहुधा हेच की सैल सांध्यावर केलेले माप टिकत नाही. आधी सांधा, मग माप, हा क्रम होय.

या रीतीमागे एक सक्ती होती, इकडे लक्ष वेधावयाचे आहे. पद्मिनीच्या किंगपिनला ग्रीसचे निपल होते. ठरावीक अंतराने गाडी ग्रीसिंगला आणावी लागे. कारागीर तिच्याखाली जाई, आणि ग्रीस भरताना बंडीवानाप्रमाणेच त्याचा हात सांध्यावरून फिरे. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली. तिच्यात किंगपिन नव्हती. मॅकफर्सन पद्धतीचा स्ट्रट आणि खाली रबरी टोपीत बंद केलेला बॉल जॉइंट होता. अशा सांध्याला ग्रीस देण्याचे काम उरले नाही. श्रम वाचले, हे खरेच. परंतु त्या श्रमाबरोबर घडणारी परीक्षाही गेली. रबरी टोपी फाटून धूळ आत शिरली, तर तेथे पाहण्याचे निमित्तच कोणास उरले नाही.

कायद्याने ही पोकळी एका परीने भरली. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 98 व्या नियमाने स्टिअरिंगचा ‘प्ले’ 30 अंशांपेक्षा अधिक नसावा, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात, आणि बोल्ट वा पिना पक्क्या अडकविलेल्या असाव्यात, असे सांगितले. एकाच वाक्यात जुने व नवे दोन्ही सांधे आले आहेत, हे इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. तथापि 40 सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर 30 अंश म्हणजे कडेला सुमारे साडेदहा सेंटिमीटर होतात. ही शेवटची मर्यादा होय, आरोग्याचे लक्षण नव्हे. शिवाय अंश ‘किती’ ते सांगतात, ‘कोठे’ ते सांगत नाहीत.

जुन्या वाहनांत परीक्षा वंगणाच्या पोटात दडलेली होती. नव्या वाहनांत ती स्वतंत्रपणे, ठरवून करावी लागते. बोरगाव मेघेच्या काळ्या जमिनीवर पावसाळ्यानंतर रस्ते खचतात, आणि त्याच दिवसांत सांधेही सैल होतात. वंगणाची गरज संपली म्हणून झीज संपली, असा समज करून घेणाऱ्याला सैल सांधा प्रथम कळतो तो बहुधा भर वेगात, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.