खेळवणाऱ्याचा वाटा

पोळा-दिवाळीच्या आसपास कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर या पट्ट्यातल्या पेपरांत एक बातमी ठरलेली असते. झाडाखाली किंवा शेतातल्या आखाड्यावर धाड पडते, 'तिर्रट नावाचा जुगार खेळत व खेळवीत असताना' काही जण मिळून येतात, रोकड, मोबाइल, मोटारसायकली जप्त होतात. वाचणारे त्यात ओळखीची नावे शोधतात. मला त्यातला 'खेळवीत' मोलाचा वाटतो. खेळणारे कधी जिंकतात, बहुधा हरतात आणि पुढच्या धाडीत दुसरेच कोणी असतात. खेळवणारा पत्त्याला हात न लावता कमावतो. डावागणिक त्याच्याकडे जी रक्कम सरकवली जाते तिला अड्ड्यावर 'नाल' म्हणतात. ऑनलाइन पोकरवाले तिला रेक म्हणत, आणि जरा सभ्य व्हायचे असेल तर प्लॅटफॉर्म फी. पोकरच्या स्पर्धेतून पैसा सुटतो का, हे पत्ते वाटण्याआधी या नालेवरच निम्मे ठरलेले असते.

या वाट्याचे कूळ फार जुने. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जुगाराचे वेगळे प्रकरण आहे. द्यूत सरकारी देखरेखीखाली एकाच ठिकाणी चालावे, फासे-कवड्या तिथूनच घ्याव्यात आणि द्यूताध्यक्षाने जिंकलेल्या रकमेतून शेकडा 5 घ्यावेत, असा दंडक. शिवाय साहित्याचे भाडे वेगळे, पाण्याचे आणि जागेचे वेगळे. खेळणाऱ्याला वाटते आपण फाशांशी लढतो. हिशेबाच्या वहीत मात्र पाण्याचाही दर लिहिलेला.

पुढची पिढी आपल्या शेजारची. लातूर जिल्ह्याची सीमा ओलांडली की बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण लागते. तेच चालुक्यांचे कल्याण. सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारी (1076 ते 1126) विज्ञानेश्वराने तिथे याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिली. राष्ट्रकूटांच्या काळात नावारूपाला आलेले कंधार तेव्हा याच चालुक्यांच्या मुलखात होते. स्मृतीतला नियम विज्ञानेश्वराने उलगडून सांगितला तो असा: जुगारघर चालवणारा, म्हणजे सभिक, याने शंभर किंवा जास्त जिंकणाऱ्याकडून शेकडा 5 घ्यावेत, त्याहून कमी जिंकणाऱ्याकडून शेकडा 10. त्या बदल्यात सभिकाला राजाचे संरक्षण, राजाला ठरलेला हिस्सा, आणि जिंकणाऱ्याला त्याचे पैसे मिळवून द्यायची जबाबदारी सभिकाची.

हा नियम दोनदा वाचण्यासारखा आहे. छोट्या खेळणाऱ्याकडून दुप्पट दराने घ्यायचे! अलीकडच्या पोकर साइटांवरही साधारण हेच आढळायचे: प्रवेशशुल्क जितके लहान, तितकी टक्क्याने नाल जड. हजार वर्षांत खेळ बदलला, यंत्र बदलले, गरिबाच्या टेबलाचा दर तेवढा टिकला.

निजामाच्या राज्यात कंधारला हैदराबादचा जुगार कायदा लागू होता, 1305 फसलीचा. जुगारघर कशाला म्हणायचे, याची त्यातली कसोटी नेमकी होती: घराच्या मालकाला जागेच्या किंवा साहित्याच्या वापरापोटी नफा होतो का? म्हणजे कायद्याचा डोळा पत्त्यांइतकाच मालकाच्या गल्ल्यावर. पुढे याच कायद्याखालचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि गाजला. सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबात रमी चालायची, क्लब प्रत्येक डावामागे पाच पॉइंट घ्यायचा. 1967 साली न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी निकाल दिला की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ. कोणती पाने पडली हे लक्षात ठेवावे लागते, हात बांधावा लागतो. तीन पानांचा खेळ, म्हणजे आपला तिर्रट, निव्वळ नशिबाचा. पत्ते आणि बैठकीपोटी थोडे शुल्क घेणे त्यांना गैर वाटले नाही. पण त्याच निकालात पुढे असेही आहे की पैसे लावून चाललेल्या रमीतून घरमालक किंवा क्लब नफा काढत असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. ऑनलाइन कंपन्यांनी या निकालाचा पहिला भाग छातीला लावून मिरवला. दुसरा भाग नालेबद्दल होता, तो सोयीने मागे राहिला.

मटक्याने तर नाल दिसेनाशीच केली. मुंबईत 1962 मध्ये कल्याणजी भगत आणि 1964 मध्ये रतन खत्री यांनी उभा केलेला हा धंदा मराठवाड्यातल्या पानटपऱ्यांपर्यंत पोचला. आकडे दहा, आणि लागला तर रुपयाला नऊ. उरलेला एक रुपया कोणी मागत नाही आणि कोणी देत नाही; तो भावातच बसलेला असतो.

स्पर्धेच्या रूपातला पोकर हे या कुळातले सर्वांत हुशार पोर. लास व्हेगासला 1970 मध्ये 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' सुरू झाली. दुसऱ्या वर्षापासून सगळ्यांनी सारखे पैसे भरायचे आणि चिप्स संपल्या की उठायचे, अशी रीत पडली. 2003 मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा हिशेबनीस इंटरनेटवरच्या छोट्या पात्रता स्पर्धेतून तिथे पोचला आणि 25 लाख डॉलर घेऊन घरी गेला. मग जगभर मोबाइलवर टेबले मांडली गेली.

आता हिशेब. समजा 100 जणांनी प्रत्येकी 1,000 रुपये भरले. त्यातले 100 खेळवणाऱ्याचे, 900 बक्षिसाचे. जमा 1 लाख, वाटणार 90 हजार. सगळे सारख्याच वकुबाचे असतील तर प्रत्येक जण दर स्पर्धेला सरासरी 100 रुपये गमावतो. नुसते बरोबरीत राहायचे तरी सरासरी खेळाडूपेक्षा सुमारे 11 टक्के जास्त खेचावे लागतात. त्यातून बक्षिसे बहुधा वरच्या दहा-पंधरा जणांत संपतात, म्हणून चांगला खेळाडूही पन्नास-शंभर स्पर्धा सलग तोट्यात काढू शकतो.

तिर्रटमध्ये जिंकता जिंकता उठून जाता येते. इथे ती सोय नाही. चिप्स दुप्पट झाल्या म्हणून बक्षिसाची आशा दुप्पट होत नाही, पण संपल्या तर सगळेच संपते. म्हणून बक्षिसाच्या उंबरठ्यावर मधल्या खेळाडूने चांगली पानेही टाकून द्यायची असतात, आणि ढीगभर चिप्सवाल्याने नेमके तेव्हाच इतरांना दाबायचे असते. पण खरी चतुराई टेबल निवडण्यात. झटपट संपणाऱ्या स्पर्धेत कौशल्याला वाव कमी आणि नाल तेवढीच. बाहेर पडून पुन्हा आत शिरले की नाल पुन्हा. उलट कंपनीने 1 लाखाची हमी दिली आणि आले फक्त 90 जण, तर वरचे 10 हजार कंपनीच्या खिशातून जातात. नाल उलटी फिरते. मुरलेले खेळाडू अशाच स्पर्धा हेरायचे.

मग राजाचा हिस्सा आला. 1 ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या रकमेवर 28 टक्के जीएसटी. हजारातले सुमारे 219 रुपये करात, उरलेल्या 781 वर दहा टक्के नाल, म्हणजे बक्षिसात पोचले 703. बरोबरीत राहायला मग 42 टक्के सरस असावे लागे, आणि त्याउपर जिंकलेल्या निव्वळ रकमेवर 30 टक्के कर. बऱ्याच कंपन्यांनी जीएसटीइतका बोनस देऊन गिऱ्हाईक धरून ठेवले. त्यावरून या धंद्यात किती पाणी होते ते कळते. या आकड्यांपुढे 'मेहनतीने पोकरमधून पगार काढतो' म्हणणाऱ्या पोरावर मी विश्वास ठेवणार नाही.

जुलै 2025 मध्ये तत्कालीन कृषिमंत्र्यांवर विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळल्याचा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला. लातुरात मंत्र्यांच्याच पक्षाचे नेते सुनील तटकरे यांच्या पत्रकार परिषदेत छावा संघटनेच्या कार्यकर्त्यांनी टेबलावर पत्ते फेकले, आणि त्या कार्यकर्त्यांना मारहाण झाली. मंत्री खेळले की नाही यावर महाराष्ट्र आठवडाभर भांडला. त्या अॅपवर खेळवणारा किती घेतो, हे कोणी विचारले नाही.

महिनाभरात संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला; 22 ऑगस्ट 2025 रोजी त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पोकर कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद त्याने बाजूला ठेवला. असा खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटी रुपयांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. आखाड्यावर तिर्रट खेळताना सापडलेल्यावर मात्र महाराष्ट्र जुगार कायद्याने आजही गुन्हा नोंदतात, खेळवणाऱ्याच्याच पंगतीला बसवून.