जुनी खिडकी, दुहेरी काच

इ. स. १७६७ मध्ये जेम्स क्रेगच्या आराखड्यानुसार एडिंबरो येथे नवे नगर वसू लागले. तेथील दगडी घरांच्या उंच लाकडी खिडक्यांत काच मात्र एकेरीच होती. दिवसा उजेड देणारी ती खिडकी हिवाळ्याच्या रात्री घरातील ऊब बाहेर घालवी. म्हणून आतून लाकडी झडपा लावून घेत.

उपाय पुढे सापडला. १८६५ साली न्यूयॉर्कच्या टॉमस स्टेट्सनने दोन काचांमध्ये हवा कोंडण्याच्या युक्तीचे पेटंट मिळविले. कोंडलेली हवा उष्णता सहजी वाहून नेत नाही, हे त्यातील मर्म. परंतु जाड दुहेरी काच जुन्या चौकटीच्या नाजूक पट्ट्यांत बसेना. शिवाय, वर-खाली सरकणारे तावदान तोलण्यासाठी चौकटीत दडविलेली वजनेही तिच्या भारापुढे उणी पडत. परिणामी विसाव्या शतकात ब्रिटनमधील कितीतरी सुस्थितीतील खिडक्या मुळासकट उपटल्या गेल्या.

त्याची गरज होती काय? हिस्टॉरिक स्कॉटलंडसाठी ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने केलेली मोजणी २००८ साली प्रसिद्ध झाली. जुनी खिडकी तशीच ठेवून आतून काचेची दुसरी चौकट बसविल्यास काचेतून जाणारी उष्णता ६३ टक्क्यांनी घटते, असे तीत आढळले. नुसत्या झडपा मिटल्या तरी ही घट ५१ टक्के भरली.

अर्धे काम जुन्या सुतारानेच करून ठेवले होते. उरलेल्यासाठी त्याची खिडकी मोडण्याचे कारण नव्हते.