विल्सन बेंटली

विल्सन ॲल्विन बेंटली (९ फेब्रुवारी, १८६५ – २३ डिसेंबर, १९३१) हे हिमस्फटिकांची सूक्ष्मछायाचित्रे घेणारे अमेरिकन छायाचित्रकार आणि स्वयंशिक्षित हवामान अभ्यासक होते. व्हरमाँट राज्यातील जेरिको या गावी त्यांनी आयुष्यभर शेती केली आणि चार दशकांहून अधिक काळात पाच हजारांपेक्षा जास्त स्फटिकांची छायाचित्रे घेतली. हिमाचे कोणतेही दोन स्फटिक सारखे नसतात, ही जगभर रूढ झालेली समजूत मुख्यतः त्यांची चित्रे आणि त्यांचे लेखन यांमुळे पसरली.

पार्श्वभूमी

हिमस्फटिक म्हणजे गोठलेला पावसाचा थेंब नव्हे. महाराष्ट्रात वळवाच्या पावसाबरोबर पडणारी गार ही अतिशीत पाण्याचे थर एकावर एक गोठून तयार होते. हिमस्फटिक मात्र ढगातील बाष्प थेट घनरूप होऊन वाढतो. बर्फाच्या रेणूंची मांडणी षट्कोनी असल्याने त्यालाही सहा बाजू किंवा सहा शाखा येतात. डोळ्यांना दिसणारा कापसासारखा हिमकण हा बहुधा असे अनेक स्फटिक एकमेकांत अडकून बनलेला पुंजका असतो. सुटा स्फटिक सामान्यतः काही मिलिमीटरांचाच असतो आणि हाताच्या उबेने क्षणात विरघळतो.

योहानेस केप्लर यांनी १६११ साली हिमाच्या षट्कोनी आकाराच्या कारणांवर एक पुस्तिका लिहिली. रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकातून दिसलेल्या स्फटिकांची रेखाटने प्रसिद्ध केली, तर जपानमधील कोगा संस्थानाचे अधिपती दोई तोशित्सुरा यांनी १८३२ मध्ये त्यांच्या आकृत्यांचा संग्रह छापला. ही सर्व चित्रे हाताने काढलेली होती. स्फटिक टिके तेवढ्या वेळात जे पाहता येई ते पाहायचे आणि उरलेले आठवणीने पुरे करायचे, अशी त्यांची मर्यादा होती.

जीवन

बेंटली यांच्या आई पूर्वी शिक्षिका होत्या आणि चौदाव्या वर्षापर्यंत त्यांचे शिक्षण आईकडेच घरी झाले. पंधराव्या वर्षी आईने दिलेल्या सूक्ष्मदर्शकातून त्यांनी प्रथम हिमस्फटिक पाहिला. सुरुवातीला ते स्फटिकांची रेखाटने करीत, परंतु चित्र पूर्ण होण्याआधीच स्फटिक वितळून जाई. आईच्या पाठिंब्यामुळे वडिलांनी अखेर भाता असलेला कॅमेरा आणि त्याला जोडता येईल असा सूक्ष्मदर्शक विकत घेऊन दिला. त्यासाठी सुमारे शंभर डॉलर लागले. शेतकरी कुटुंबासाठी त्या काळी ही लहान रक्कम नव्हती.

१५ जानेवारी, १८८५ रोजी बेंटली यांना पहिले यशस्वी छायाचित्र मिळाले. जगातील पहिले हिमस्फटिक-छायाचित्र असा त्याचा उल्लेख अनेक ठिकाणी आढळतो. तथापि जर्मनीत योहान फ्लोगेल यांनी १८७९ सालीच तसे छायाचित्र घेतल्याची नोंद आहे.

बेंटली यांनी विवाह केला नाही. गावात त्यांच्या छंदाकडे फारसे गांभीर्याने पाहिले जात नसे. व्हरमाँट विद्यापीठातील प्राध्यापक जॉर्ज पर्किन्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा पहिला लेख १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर 'मंथली वेदर रिव्ह्यू' या नियतकालिकात ते नियमित लिहू लागले. त्यांच्या चित्रांच्या काचपट्ट्या शाळा-महाविद्यालयांना अवघ्या पाच सेंटला एक याप्रमाणे विकल्या जात. या कामातून त्यांना संपत्ती मिळाली नाही.

छायाचित्रणाची पद्धत

हिम पडू लागले की बेंटली काळा फळा बाहेर धरून त्यावर स्फटिक झेलत. काळ्या पृष्ठभागावर ते चटकन उठून दिसत. निवडलेला स्फटिक लाकडाच्या बारीक काडीने उचलून काचपट्टीवर ठेवला जाई आणि पक्ष्याच्या पिसाने हलकेच दाबून सपाट केला जाई. हे सर्व काम न तापवलेल्या खोपीत चाले, कारण उच्छ्वासाच्या उबेनेही स्फटिकाच्या कडा झिजत. कॅमेरा खिडकीकडे रोखलेला असे, त्यामुळे प्रकाश स्फटिकाच्या आरपार येई. बारीक तपशील सुस्पष्ट यावेत म्हणून छिद्र अगदी लहान ठेवावे लागे. परिणामी काच कित्येक सेकंद, कधी मिनिटाहूनही अधिक वेळ उघडी ठेवावी लागे.

आरपार प्रकाशात स्फटिक आणि पार्श्वभूमी दोन्ही उजळ येत. त्यामुळे बेंटली मूळ निगेटिव्हची प्रत काढून, स्फटिकाच्या बाह्यरेषेभोवतीचा रासायनिक थर चाकूने खरवडून टाकीत. या प्रतीवरून काढलेल्या चित्रात काळ्याभोर पार्श्वभूमीवर शुभ्र स्फटिक दिसतो. आज सर्वांना परिचित असलेली त्यांची चित्रे याच प्रकारची आहेत.

आक्षेप

जर्मन हवामानशास्त्रज्ञ गुस्टाव्ह हेलमन यांनी या खरवडण्यावर कठोर टीका केली. त्यांच्या मते यामुळे स्फटिकाची कडा निसर्गाने नव्हे तर चाकूने ठरवली जात होती. हेलमन यांच्या १८९३ च्या पुस्तकासाठी रिखार्ड नॉयहाउस यांनी घेतलेल्या छायाचित्रांत स्फटिक अनेकदा वेडेवाकडे, एखादी शाखा आखूड असलेले दिसतात. पार्श्वभूमी काढल्याने स्फटिकाच्या आतील रचनेत फरक पडत नाही, अशी बेंटली यांची बाजू होती. आतल्या नक्षीपुरते ते खरे आहे. बाह्यरेषेबाबत मात्र हेलमन यांची शंका निराधार म्हणता येत नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न निवडीचा आहे. वादळात पडणारे बहुसंख्य स्फटिक मोडलेले, असममित किंवा गोठलेल्या थेंबकांनी माखलेले असतात. बेंटली फळ्यावरील असे शेकडो कण झटकून टाकीत आणि एखादा निर्दोष तारा उचलीत. त्यांचा संग्रह हिम किती सुंदर असू शकते याचा पुरावा आहे, सामान्यतः ते कसे असते याचा नव्हे. शुभेच्छापत्रांवर आणि दागिन्यांवर आज दिसणारा सहा सारख्या शाखांचा तारा हे त्या निवडीचेच फलित होय.

इतर काम

बेंटली यांनी दव, खिडकीच्या काचेवरील तुषार आणि दवाने भिजलेली कोळ्यांची जाळी यांचीही छायाचित्रे घेतली. पावसाच्या थेंबांचा आकार मोजण्यासाठी ते बारीक पिठाच्या थरावर थेंब पडू देत आणि तयार झालेल्या गोळ्या मोजत. हे निष्कर्ष त्यांनी १९०४ मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिकेतील हवामानशास्त्रज्ञांनी त्याकडे त्या वेळी फारसे लक्ष दिले नाही.

'स्नो क्रिस्टल्स' आणि नंतरचे संशोधन

विल्यम हम्फ्रीज यांच्या प्रस्तावनेसह 'स्नो क्रिस्टल्स' हा बेंटली यांचा ग्रंथ १९३१ च्या अखेरीस निघाला. त्यात २,४०० हून अधिक चित्रे आहेत. काही आठवड्यांतच, हिमवादळातून पायी घरी आल्यानंतर झालेल्या न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

या ग्रंथापासून प्रेरणा घेऊन जपानी भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी होक्काइडो येथे अभ्यास सुरू केला. त्यांनी बेंटली यांनी वगळलेल्या बेढब स्फटिकांनाही वर्गीकरणात स्थान दिले आणि १९३६ मध्ये सशाच्या केसावर पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला. तापमान आणि बाष्पाचे प्रमाण यांवर आकार ठरतो, हे त्यांनी दाखवले: उणे ५ अंश सेल्सियसजवळ सुया व स्तंभ, तर उणे १५ अंशांजवळ पुरेशा बाष्पात फांद्यांचे तारे तयार होतात.

१९८८ मध्ये अमेरिकन संशोधक नॅन्सी नाइट यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखे दिसणारे दोन स्फटिक प्रसिद्ध केले. ते ताऱ्यांच्या आकाराचे नसून साधे पोकळ स्तंभ होते.

संग्रह

बेंटली यांनी १९०३ मध्ये ५०० चित्रे स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवली. त्यांच्या मूळ काचपट्ट्यांचा सर्वांत मोठा संग्रह बफेलो विज्ञान संग्रहालयात आहे. जेरिको येथील जुन्या गिरणीत त्यांच्या कार्यावरील संग्रहालय आहे.