गंजिफा: खेळ आणि भेटवस्तू

दिवाळीत आप्तांना सुक्या मेव्याच्या डब्यांऐवजी आपल्याकडच्या कारागिरांनी हाताने घडवलेले काही द्यावे, असे वाटू लागले की आम्हांला सावंतवाडीची चितार आळी आठवते. तिथल्या पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून कोरलेल्या, रंगवलेल्या फळांविषयी विशेष सांगायला नको. ती देणाऱ्यालाही कळतात आणि घेणाऱ्यालाही. गंजिफाचे तसे नाही.

हिंदुस्थानातल्या गंजिफाच्या सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी एक बाबरनाम्यात आहे, आणि तो भेटीचाच आहे. १५२७ साली बाबराने सिंधमधल्या शाह हसनला हे पत्ते पाठवले, कारण त्याला ते आवडत आणि त्याने ते मागितले होते. म्हणजे ज्याला आज आपण ‘स्थानिक’ म्हणून कौतुकाने हाती घेतो, तो खेळ मुळात इराणकडून आलेला, मोगल दरबारातून पसरलेला. मोगली गंजिफात आठ रंगांचे ९६ पत्ते असत. इथल्या चिताऱ्यांनी गोल पत्ता ठेवला आणि रंग बदलले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी पाने, एकूण १२० पत्ते. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर रंगाचा हात द्यायचा, घोटून गुळगुळीत करायचे, मग बारीक कुंचल्याने अवतार उतरवायचे आणि शेवटी लाखेचे रोगण. परक्या वस्तूला आपले करणे म्हणजे काय, हे शिकवायला साहित्याच्या वर्गात याहून चांगले उदाहरण सापडणे अवघड.

छापील पत्ते स्वस्त झाले आणि खेळणारे गेले. १९७०च्या दशकात शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ही विद्या शिकून घेतली आणि सावंतवाडीच्या राजवाड्यात काम पुन्हा सुरू केले. त्यामुळे कला वाचली, याबद्दल आम्हांला शंका नाही. पण तिला गिऱ्हाईक मिळाले ते संग्राहकाचे, पर्यटकाचे आणि भेट देणाऱ्याचे, खेळणाऱ्याचे क्वचितच. शाह हसनने पत्ते मागितले ते खेळायला. आपण देतो ते चौकटीत लावायला. हस्तकलेच्या पुनरुज्जीवनाचे गोडवे गाणाऱ्या लेखांत हा फरक सहसा येत नाही. (आमचेही एक-दोन लेख त्यांत मोडतात.)

आम्ही मंडळींनी एका निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकांना दशावतारी संच दिला होता. सरांनी पेटी उघडली, मत्स्याचा राजा उजेडात धरून पाहिला आणि सहज विचारले, “खेळायचा कसा?” आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना.

पुढच्या दिवाळीत नियम शोधून आम्ही त्यांच्याकडे गेलो. तिघे खेळाडू, प्रत्येकी ४० पत्ते. हातात मावता मावत नाहीत. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ, उरलेल्यांत एक्का. त्यात तासभर गेला. दिवसा डाव असेल तर उतारी रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याची, रात्री असेल तर कृष्णाचा राजा असलेल्याची. दिवेलागण होऊन गेली होती, तरी आम्ही रामाने सुरुवात केली. तिसऱ्या हाताला सरांच्या ते लक्षात आले आणि त्यांनी सगळे पत्ते गोळा करून पुन्हा पिसायला घेतले.