व्हॉल्व्ह गिटार ॲम्प्लिफायर : नाद आणि सर्किट यांची पारख

इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमधून येणारा साधारण १०० ते २०० मिलिव्होल्टचा संकेत निर्वात नलिकांच्या, म्हणजेच व्हॉल्व्हच्या, मदतीने स्पीकर हलवण्याइतका मोठा करणारे यंत्र. घरातल्या गाणी ऐकण्याच्या ॲम्प्लिफायरने मूळ आवाजात स्वतःचे काहीही मिसळू नये अशी अपेक्षा असते. गिटारच्या ॲम्प्लिफायरचे तसे नाही. तो वाद्याचाच अर्धा भाग आहे आणि त्याने आवाजात काय मिसळले, किती मिसळले आणि कोणत्या क्षणी मिसळले, यावरच त्याची परीक्षा होते.

जे मिसळले जाते ते म्हणजे स्वयंभू स्वरांसारखे उपस्वर. मूळ स्वर षड्ज धरला तर दुप्पट कंपनसंख्येचा उपस्वर तार षड्ज असतो, तिप्पट कंपनसंख्येचा त्यावरचा पंचम, पाचपट कंपनसंख्येचा गंधार. सातपटीचा उपस्वर कोमल निषादाहूनही थोडा उतरलेला असतो आणि तो व त्यापुढचे विषम उपस्वर कानाला खरखरीत लागतात. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर नेमके हेच करतो: घोडीचा पृष्ठभाग घासून कोणता उपस्वर किती उमलावा ते ठरवतो. ॲम्प्लिफायरमध्ये हे काम व्हॉल्व्हच्या कार्यबिंदूकडे, ट्रान्सफॉर्मरकडे आणि स्पीकरकडे असते. तंबोरा लावण्याची सवय असलेला मराठी कान या पारखीसाठी आधीच तयार असतो, असे म्हणायला हरकत नाही.

ऐकून करायची परीक्षा : सर्किटचा नकाशा उघडण्याआधी ऐकावे. मधे एकही पेडल न लावता गिटार थेट जोडावी आणि टोनचे सगळे नॉब मध्यावर ठेवावेत. सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ८२ हर्ट्झचा स्वर येतो. तो घट्ट राहतो की फुगून विरतो, ते पाहावे. मग आवाज वाढवत जाऊन फाट, म्हणजे आवाजाची विकृती, कुठे सुरू होते आणि ती हळूहळू येते की एकदम, हे लक्षात घ्यावे. त्यानंतर गिटारवरचा व्हॉल्यूम अर्धा उतरवावा. चांगल्या ॲम्प्लिफायरमध्ये या एका हालचालीने आवाज स्वच्छ होतो, पण मलूल होत नाही. बोटाचा जोर कमी-जास्त केल्यावर नादही बदलला पाहिजे.

षड्ज-पंचम ही जोडी फाटलेल्या आवाजातही सुरेल का राहते, याला साधे कारण आहे. ११० आणि १६५ हर्ट्झचे स्वर एकत्र विकृत झाले की त्यांच्या वजाबाकीचा ५५ हर्ट्झचा स्वर निर्माण होतो, आणि तो खर्जातला षड्जच असतो. समान अंतराने लावलेल्या गिटारवरचा गंधार मात्र पाचाला चार या शुद्ध प्रमाणापासून थोडा चढा असतो, त्यामुळे वजाबाकीचा स्वर जुळत नाही आणि कॉर्ड गढूळ होते. म्हणून परीक्षेत पूर्ण मेजर कॉर्ड वाजवावीच. तिच्यातला प्रत्येक स्वर जितका उशिरापर्यंत वेगळा ऐकू येईल तितके सर्किट चांगले.

पूर्वविवर्धन : पहिल्या टप्प्यावर बहुतेक ठिकाणी ईसीसी८३ (अमेरिकन नाव १२एएक्स७) हा दुहेरी ट्रायोड असतो. त्याचा विवर्धनांक १०० आहे. प्लेटला १०० किलोओहम, कॅथोडला १.५ किलोओहम आणि कॅथोडवर २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशी रूढ मांडणी असली की प्रत्यक्ष विवर्धन सुमारे ६० पट मिळते. तो कपॅसिटर काढला तर ते सुमारे ३० पटीवर येते. यापेक्षा रंजक आहे तो मधला मार्ग. २.७ किलोओहमवर फक्त ०.६८ मायक्रोफॅरड ठेवला तर साधारण २३० हर्ट्झच्या खाली विवर्धन उतरत जाते, म्हणजे जाड तारांचा फुगवटा फाट येण्याआधीच छाटला जातो. ब्रिटिश मार्शल कंपनीच्या पुढच्या काळातील ॲम्प्लिफायरचा तो दाणेदार, चावरा आवाज बराचसा या एका स्वस्त कपॅसिटरमुळे आहे. आवाज जोरात फाडायचा असेल तर खर्ज आधी कमी करावा आणि हवा असल्यास नंतर वाढवावा. हा क्रम उलटला की चिखल होतो. नकाशा वाचताना सर्वांत आधी हा क्रम तपासावा.

टोनच्या नॉबची साखळी कुठे बसवली आहे, हेही तितकेच बोलके असते. १९६० च्या दशकातील अमेरिकन फेंडर कंपनीच्या ॲम्प्लिफायरमध्ये ती पहिल्या टप्प्यानंतर लगेच येते. उताराचा रेझिस्टर १०० किलोओहम असल्याने मधले स्वर खोल दबतात आणि आवाज काचेसारखा स्वच्छ होतो. मार्शलमध्ये ती कॅथोड फॉलोअरनंतर, म्हणजे बराच उपस्वर तयार झाल्यावर येते. तिथे तोच रेझिस्टर ५६ आणि पुढे ३३ किलोओहम झाला, त्यामुळे मध्य वर आला.

एकच सर्किट, दोन आवाज : या विषयातले सर्वांत शिकवणारे उदाहरण फेंडर बासमन आणि मार्शल जेटीएम४५ यांचे आहे. १९५८ ते १९६० या काळात बनलेला बासमनचा ५एफ६-ए हा नमुना बेस गिटारसाठी होता. पण तो गिटारवादकांनीच उचलला. लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी केन ब्रान आणि डडली क्रेव्हन या तंत्रज्ञांसह १९६२ मध्ये त्याच नकाशावरून आपला ॲम्प्लिफायर उभा केला. कागदावर दोन्ही जवळपास सारखे आहेत, पण ऐकताना कुणीही त्यांची गल्लत करणार नाही.

फरक कुठे पडला ते क्रमाने सांगता येते. बासमनच्या पहिल्या जागेवर १२एवाय७ होता, ज्याचा विवर्धनांक सुमारे ४४ आहे. मार्शलने तिथे ईसीसी८३ बसवला, त्यामुळे फाट लवकर सुरू होऊ लागली. ऋण पुनर्भरणाचा, म्हणजे आउटपुटचा काही भाग उलटा करून आत परत देणारा, २७ किलोओहमचा रेझिस्टर दोघांतही आहे. फेंडरने तो ट्रान्सफॉर्मरच्या २ ओहमच्या टोकाला जोडला, मार्शलने १६ ओहमच्या. १६ ओहमच्या टोकावर व्होल्टेज सुमारे २.८ पट असते, म्हणून मार्शलमध्ये पुनर्भरण जास्त. शक्तिव्हॉल्व्ह ५८८१ ऐवजी बहुतांशी केटी६६ झाले आणि ट्रान्सफॉर्मर ब्रिटिश आला. बासमनला मागून उघड्या पेटीत जेन्सनचे १० इंची चार स्पीकर होते, तर मार्शलच्या बंद पेटीत सेलेस्टियनचे १२ इंची चार आले. या सगळ्यात शेवटचा फरक कानाला सर्वांत आधी कळतो. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने गप्प होतो. फाटलेल्या आवाजातला कर्कशपणा तोच गाळतो. म्हणून दुर्मीळ जुने व्हॉल्व्ह किंवा महागडे कपॅसिटर शोधण्याआधी स्पीकर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर यांच्यावर खर्च करावा, असा स्पष्ट सल्ला देता येतो.

शक्तिविभाग : व्हॉक्स एसी३० मध्ये चार ईएल८४ व्हॉल्व्ह आहेत, कॅथोड-बायस आहे आणि पुनर्भरण मुळीच नाही. त्यामुळे त्याचा आवाज हळूहळू, अनेक पायऱ्यांनी फाटतो. पुनर्भरण असलेले सर्किट शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि मग एकदम कापते. यातले एक चांगले आणि दुसरे वाईट असे नाही. कोणत्या वादकासाठी, हा प्रश्न आहे. एका व्हॉल्व्हच्या छोट्या ॲम्प्लिफायरमध्ये, उदाहरणार्थ सुमारे ५ वॅटच्या फेंडर चॅम्पमध्ये, सम उपस्वर भरपूर असतात. दोन बाजूंनी ओढणाऱ्या जोडीत शक्तिव्हॉल्व्हचे सम उपस्वर ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना मारतात आणि पंचमाचा भाग वर येतो. वॅटच्या आकड्याला मात्र फार मान देऊ नये: १०० वॅटचा ॲम्प्लिफायर ५० वॅटच्यापेक्षा फक्त ३ डेसिबलने मोठा असतो.

वीजपुरवठा, उष्मा आणि घरघर : परदेशी पुस्तकांतली परीक्षा स्थिर व्होल्टेज धरून लिहिलेली असते. हिंगोली जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान भागात ती तशीच लावता येत नाही. शेतीपंप सुरू झाल्यावर लांबच्या वाहिनीवर २३० चे २०० व्होल्ट झाले, तर ६.३ व्होल्टचा तापतंतू ५.५ व्होल्टवर येतो, म्हणजे १० टक्क्यांच्या मान्य मर्यादेबाहेर जातो. ४०० व्होल्टचा उच्चदाब सुमारे ३५० होतो आणि उपलब्ध शक्ती साधारण पाव भागाने घटते. आवाज मऊ, दबलेला आणि लवकर फाटणारा होतो. काही वादकांना तो आवडतोही; पण त्यावरून सर्किटला बरे-वाईट ठरवू नये. परीक्षेच्या वेळी व्होल्टेज मोजून नोंदवावे आणि शक्य तर स्टॅबिलायझर लावावा. व्हॉल्व्ह रेक्टिफायर असेल तर जोरदार झटक्याला दाब आणखी बसतो आणि स्वर दबून पुन्हा फुलतो. ५वाय३ मध्ये हे खूप जाणवते, जीझेड३४ मध्ये कमी, सिलिकॉन डायोडमध्ये जवळपास नाही.

अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प्लिफायर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतो, पण वारंवारता ५० हर्ट्झच राहते. ६० हर्ट्झसाठी बेताचा बांधलेला गाभा त्यामुळे जास्त तापतो. त्यात मराठवाड्याचा उन्हाळा ४० अंशांपलीकडे जातो, आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांनी साधारण निम्मे होते. मागची बाजू भिंतीला टेकवून ठेवू नये.

घरघर ऐकून दोषाची जागा सांगता येते. ५० हर्ट्झची खोल घरघर तापतंतूच्या तारांतून किंवा अर्थिंगमधून येते, तर १०० हर्ट्झची जरा चढी घरघर फिल्टर कपॅसिटर थकल्याची खूण असते. जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी स्वर ९८ हर्ट्झचा असतो, तो वाजवून १०० हर्ट्झची घरघर सहज ओळखता येते: दोन्ही एकत्र आल्यावर सेकंदाला दोन ठोके ऐकू येतात. आवाज पूर्ण चढवल्यावर ४४० हर्ट्झच्या स्वरासोबत ३४० आणि ५४० हर्ट्झचे परके स्वर डोकावले तर तेही याच १०० हर्ट्झचे काम आहे. ६० हर्ट्झच्या देशात बेतलेला फिल्टर आपल्याकडे आल्यावर तरंग सुमारे २० टक्क्यांनी वाढतो, म्हणून हे भुताटकीचे स्वर इथे अधिक भेटतात. घरघरीची ही झुंज हिंगोली जिल्ह्यातच वेगळ्याच पातळीवरही लढली जाणार आहे. औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. प्रत्येकी ४ किलोमीटरच्या दोन भुजांचे हे यंत्र गुरुत्वीय तरंग टिपणार आहे आणि त्यांचा टप्पा माणसाच्या श्रवणक्षेत्रातलाच आहे. अमेरिकेतल्या लायगो यंत्रांच्या नोंदींत ६० हर्ट्झची रेघ उमटते. इथे तिची जागा ५० हर्ट्झ घेईल.

टेबलावरची मोजणी : स्पीकरऐवजी ८ ओहमचा जाड रेझिस्टर लावून ऑसिलोस्कोपवर तरंग पाहावा. माथा चपटा होण्याच्या बेतात १२.६ व्होल्ट (आरएमएस) मिळाले तर ते सुमारे २० वॅट. शक्तिव्हॉल्व्हच्या कॅथोडखाली १ ओहमचा रेझिस्टर असेल तर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. ४०० व्होल्टवर ४० मिलिअँपिअर म्हणजे १६ वॅट. ईएल३४ ची मर्यादा २५ वॅट असल्याने हा बायस ठीक आहे. ७० टक्क्यांच्या वर जाऊ नये. स्पीकर किंवा रेझिस्टर न जोडता ॲम्प्लिफायर कधीही चालवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या वर दाब राहतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. रेझिस्टरमधून तो उतरवून, मीटरने खात्री करून मगच हात घालावा. एक हात खिशात ठेवण्याची जुन्या मेकॅनिकांची सवय प्रत्येक शिकाऊने उचलावी.

लाउडस्पीकरच्या धंद्यातली जुनी यंत्रे : हिंगोलीचा दसरा, नर्सी नामदेवची यात्रा, औंढ्याची महाशिवरात्र अशा गर्दीपर्यंत शब्द पोचवण्याचे काम ट्रान्झिस्टर येण्याआधी व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरनेच केले. दिल्लीच्या अहुजा कंपनीचे नाव महाराष्ट्रातल्या साउंड सर्व्हिसवाल्यांच्या तोंडी आजही आहे आणि बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने देशात व्हॉल्व्ह बनवले. असे बंद पडलेले यंत्र मिळाले तर त्यातून गिटारचा ॲम्प्लिफायर करता येतो. मात्र आधी त्याचे सर्किट कशासाठी बेतले होते ते समजून घ्यावे लागते. ते कीर्तनकाराच्या शब्दासाठी बांधलेले असते: पुनर्भरण जोरदार, टोन सपाट, आणि आउटपुट लांब तारेसाठी १०० व्होल्टच्या लाइनचे. ३० वॅटच्या यंत्रात त्या लाइनला सुमारे ३३३ ओहमचा भार अपेक्षित असतो. ८ ओहमचा गिटार स्पीकर तिथे थेट जोडला तर शक्ती पोचत नाही आणि व्हॉल्व्हवर ताण येतो. ट्रान्सफॉर्मरवर ८ ओहमचे वेगळे टोक आहे का ते पाहावे. माइकचा इनपुट कमी रोधाचा असेल तर पिकअपचा तार स्वर मारला जातो. तिथे १ मेगओहम हवा आणि ग्रिडच्या मालिकेत ६८ किलोओहम. पुनर्भरण निम्मे केल्याबरोबर यंत्राचा स्वभाव बदलतो. भोंग्याऐवजी १२ इंची स्पीकर लावला की उरलेला बदल होतो.

मुंबई-कोकणातल्या मिरवणुकांतला बेंजो, म्हणजे विजेवर वाजणारा बुलबुलतरंग, याच नात्यातला आहे. पोलादी तारा, पिकअप, मर्यादेपलीकडे चढवलेला ॲम्प्लिफायर आणि खर्ज न देणारा भोंगा यांतून त्याचा टोकदार, गर्दी चिरत जाणारा आवाज घडतो. बेंजोवाले फाट नेमकी कुठे सुरू होते ते कानाने शोधतात आणि तिथेच नॉब थांबवतात. बासमन आणि मार्शलवर जितके लिहिले गेले, तितकीच बारकाईची नोंद त्यांच्या जोडणीचीही व्हायला हवी: कोणता पिकअप, कोणता इनपुट, किती वॅटवर कोणता भोंगा.