इझेनहाइम वेदीचित्रातील क्रूसविद्ध ख्रिस्त : प्रतीक आणि अभिव्यक्ती

मॅथियास ग्रुनेवाल्ड या जर्मन चित्रकाराने इ. स. १५१२ ते १५१६ च्या सुमारास रंगविलेले इझेनहाइम वेदीचित्र फ्रान्समधील कोल्मार येथील उंटरलिंडेन संग्रहालयात आहे. विसाव्या शतकात त्याच्याकडे अभिव्यक्तिवादाचे पूर्वरूप म्हणून पाहिले गेले. हे मत निराधार नाही. परंतु त्यामुळे हे चित्र कोणासाठी निर्माण झाले, हा प्रश्न मागे पडला.

इझेनहाइमचा मठ अँथनी संप्रदायाचा होता. ‘संत अँथनीचा अग्नी’ या व्याधीने पीडित रुग्णांची शुश्रूषा हे या संप्रदायाचे मुख्य कार्य. राय धान्यावरील अरगट बुरशीमुळे होणाऱ्या या व्याधीत असह्य दाह होई, हातपाय काळे पडून सडत व पुष्कळदा ते कापावे लागत. वेदीचित्राची दारे मिटलेली असताना या रुग्णांसमोर असे ते क्रूसाचे दृश्य. हिरवट पडलेला देह, ताठरलेली बोटे, खिळ्याभोवती पिळवटलेले पाय आणि त्या भाराने वाकलेला क्रूसाचा आडवा दांडा! या जखमांना थेट रोगलक्षणे मानणे मात्र घाईचे ठरेल. त्वचेत रुतलेले काटे हे फटक्यांच्या छळाचे निदर्शक आहेत. सुजलेला, फोडांनी भरलेला रुग्णदेह ग्रुनेवाल्डने संत अँथनीच्या मोहप्रसंगाच्या फलकावर स्वतंत्रपणे दाखविला आहे. रुग्णाला येथे स्वतःचा रोग नव्हे, तर स्वतःच्या वेदनेचा सोबती दिसावा, अशी ही योजना असावी.

क्रूसाच्या उजव्या अंगास बाप्तिस्मा करणारा योहान उभा आहे. वस्तुतः त्याचा शिरच्छेद क्रूसाच्या घटनेपूर्वीच झाला होता. म्हणजे तो साक्षीदार नसून भाष्यकार आहे. त्याच्या पायाशी असलेल्या कोकराचे रक्त प्याल्यात पडते. ख्रिस्ताची महत्ता वाढावी व आपली घटावी, या आशयाचे लॅटिन वचन त्याच्या हाताजवळ लिहिलेले आहे. ख्रिस्ताची आकृती सर्वांत मोठी आणि गुडघे टेकलेली मग्दालीया मरीया लहान, ही प्रमाणाची विषमता त्या वचनाशी सुसंगत आहे. तिला निव्वळ भावनावेगाचा परिणाम म्हणता येत नाही.

क्रूस चित्राच्या नेमक्या मध्यावर नाही, हेही लक्षणीय आहे. त्यामुळे दारे उघडली जात तेव्हा ख्रिस्ताचा एक बाहू देहापासून विलग होई. खालच्या पट्टीवरील शोकदृश्य दुभंगताच पायही तुटल्यासारखे दिसत. आत प्रकट होणाऱ्या पुनरुत्थानाच्या फलकावर तोच देह तेजोवलयात उभा आहे. पाच जखमांवाचून त्याच्या त्वचेवर एकही व्रण नाही.